दोन्ही बाजूंनी ऐकलेला बिगूल

मित्रांनो, मी एक जुना बिगूल आहे, एवढे नक्की. माझे अंग तांब्याचे आहे आणि काठ पितळेचा. परंतु मी कोणाच्या फौजेचा, हे मला दीडशे वर्षांनंतरही नीट सांगता येत नाही. माझी हकिकत ऐका आणि जमले तर तुम्हीच ठरवा.

माझा जन्म इंग्लंडमधल्या एका कारखान्यात झाला. कारागिराने तांब्याचा पत्रा गुंडाळला, सांधा झाळला आणि ठोकून ठोकून मला रुंद तोंड दिले. पुढे मी जहाजाने हिंदुस्थानात आलो आणि कंपनी सरकारच्या एका देशी पलटणीत दाखल झालो. तेथे एका मराठी शिपायाने मला प्रथम ओठांशी धरले. त्याचे नाव मला ठाऊक नाही, कारण सारे त्याला ‘बिगुलवाला’ म्हणत. एका दुपारी मात्र त्याने खिळ्याच्या टोकाने माझ्या अंगावर आपले नाव मोडी अक्षरांत कोरले. बिगुलाला वाचता येत नाही. तरीही मला वाजवताना त्याचा अंगठा नेमका त्या अक्षरांवर टेके, म्हणून ती मला आपली वाटत.

सत्तावन्न साली आमची पलटण बिथरली. सकाळी मी साहेबांच्या हुकमाने वाजलो होतो; संध्याकाळी साहेबांविरुद्ध वाजलो. फुंकणारा तोच होता आणि धूनही तीच होती. मग मी बदललो की नाही?

त्यानंतर थोड्याच दिवसांनी सह्याद्रीतल्या एका खिंडीत लढाई झाली. ती कोणत्याही पाठ्यपुस्तकात नाही. कंपनीच्या दुसऱ्या एका पलटणीने आमच्या लोकांना कोंडीत पकडले, तेव्हा बिगुलवाल्याने माघारीची धून फुंकली. आमचे शिपाई मागे फिरले. आणि काय सांगू, समोरचेही फिरले! दोघांनाही कवायत एकाच पद्धतीने शिकवलेली होती. त्या गोंधळात आमचे बरेच जण डोंगरात निसटले. तो मात्र धून पुरी होईपर्यंत जागचा हलला नाही. गोळी लागली तेव्हा त्याचा अर्धा श्वास माझ्यात होता. मी शत्रूला फसवले, की ज्यांनी मला घडवले त्यांनाच? विचार करू लागलो की मला आजही काही उमगत नाही.

एका गोऱ्या अधिकाऱ्याने मला उचलून विलायतेला नेले. त्याच्या दिवाणखान्यात पाहुणे माझे कौतुक करीत. नातवंडांच्या काळात मी माळ्यावर गेलो आणि पतवंडांनी मला ‘बंडातला बिगूल’ अशी चिठ्ठी लावून रविवारच्या बाजारात मांडले. तेथून मला लंडनजवळच्या इल्फर्डच्या श्रीनिवास दामल्यांनी घरी आणले. ते तंत्रनिकेतनात शिकलेले निवृत्त अभियंते. त्यांच्या नातीने, अन्वीने, माझ्यावरची अक्षरे शोधली.

“आजोबा, हा डिझाइन नाहीये. समबडीने लिहिलाय!”

संग्रहालयात काम करणारी चैत्राली मला पाहायला आली. बंडाला दीडशे वर्षे झाल्याचे प्रदर्शन तिथे भरणार होते.

“काका, इंग्रजांचे बिगूल आमच्याकडे ढिगाने आहेत,” ती म्हणाली. “पण बंडातल्या साध्या शिपायाचं नाव असलेला एकही नाही. हे वाचता आलं, तर पलटणीच्या नोंदींत मी त्याला शोधून काढीन. सोमवारी फोटोग्राफर घेऊन येते.”

दीडशे वर्षांनी त्याला कोणीतरी नावाने हाक मारणार होते. मला तर पुन्हा वाजावेसे वाटले.

सोमवारच्या आधी आली खंडेनवमी. श्रीनिवासराव दरवर्षी आपली अवजारे, म्हणजे पाने, कानस, व्हर्निअर, स्वच्छ करून पूजेला मांडत. यंदा त्यांनी मलाही घेतले. अक्षरांत काळा मळ साचला होता. तो निघाला की अक्षरे उघडी पडतील, असा त्यांचा हिशेब. प्रथम चिंच आणि मीठ. मग शून्य नंबरचा पॉलिश पेपर, एकाच दिशेने, हलक्या हाताने. पण मित्रांनो, खिळ्याच्या रेघा अगदी उथळ होत्या. तो मळ होता, म्हणूनच अक्षरे दिसत होती.

मी लखलखू लागलो. त्यांनी मला हळदकुंकू वाहिले, फूल ठेवले. मला आनंद व्हावा की भीती वाटावी, हे कळेना.

अन्वी शाळेतून आली. “आजोबा! त्याचा नाव कुठे गेली?”

श्रीनिवासरावांनी मला खिडकीशी नेले, भिंग लावले, पुन्हा पुन्हा फिरवले. मग ते खुर्चीत बसून राहिले. अन्वीने आधी मोबाइलवर काढलेल्या फोटोतही नुसती फ्लॅशची चमक होती.

“बाबा, तुमच्या हातून काही सुटतच नाही,” सूनबाई नंदा हताशपणे म्हणाली. “दूधवाल्याची रिकामी बाटलीसुद्धा तुम्ही घासून परत देता.”

सोमवारी चैत्रालीने मला हातात घेतले. “फिनिश अगदी शोरूमसारखं आणलंत, काका.” बोलून गेल्यावर तिला वाईट वाटले.

“पाटीवर काय लिहिशील?” श्रीनिवासरावांनी विचारले.

“‘ब्रिटिश लष्करी बिगूल.’ दुसरं काय लिहिणार?”

“नो! तो ब्रिटिश नाहीये!” अन्वी रडवेली झाली.

“मग मी सांगतो ते लिही,” ते म्हणाले. “‘यावर बंडात उतरलेल्या एका शिपायाचे नाव होते. ते इल्फर्डच्या श्रीनिवास दामले यांनी घासून काढले.’”

“काका, तुमचं नाव कशाला? लोक हसतील.”

“हसू देत. नाही लिहिलं, तर नाव कधी नव्हतंच असं होईल.”

आज मी काचेच्या कपाटात आहे. माझ्याखाली एक नाव आहे, पण ते त्याचे नाही. लोक पाटी वाचतात आणि माझ्या गुळगुळीत अंगावर काहीतरी शोधत राहतात. मी कोणाचा, हा गोंधळ मी आता सोडून दिला आहे. तो कोण होता, एवढेच मला हवे होते.

मित्रांनो, जुनी वस्तू हाती आली तर तिला चकचकीत करायची घाई करू नका. आधी ती उजेडात धरा, जाणत्याला विचारा. ज्याला तुम्ही मळ समजता, तेवढेच कोणाचे तरी मागे उरलेले असेल.