शेजारच्या सीटवरचा ब्रेक

माझे बाबा ड्रायव्हिंग स्कूलमध्ये गाडी शिकवायचे, आणि त्यांचे विद्यार्थी त्यांच्या माघारी त्यांना ब्रेकमास्तर म्हणायचे. शिकाऊ गाडीत शेजारच्या सीटपुढेही एक ब्रेक असतो. बाबांचं सगळं आयुष्य त्या ब्रेकवर पाय ठेवून गेलं. गाडी कुणीही चालवो, थांबवणारे तेच. पुढे ते निवृत्त झाले, गाडी भंगारात गेली, पण पाय काही निवृत्त झाला नाही. टीव्हीवर कुणी जोरात गाडी पळवली तरी ते सोफ्यापुढची फरशी दाबतात. आई म्हणते, "तिथे खड्डा पडलाय. पुसताना हाताला लागतो."

त्या भंगारातून एकच वस्तू घरी आली, ड्रायव्हरची सीट. ती मी मागून घेतली. मागच्या खोलीत लोखंडी सांगाडा उभा करून त्यावर बसवली. समोर स्टिअरिंग, खाली पेडल, डोळ्यांपुढे मोठा पडदा आणि त्यावर शर्यतीचा ट्रॅक. लोक याला खेळ म्हणतात. म्हणोत बापडे. चाक घसरलं की स्टिअरिंग हातात एकदम हलकं होतं, ट्रॅकच्या कडेवर चढलं की मनगटं थरथरतात, आणि ब्रेक असला कडक की पहिल्या आठवड्यात मी कठडा धरून जिना उतरत होते. दिवसभर चष्म्याच्या दुकानात "हे अक्षर स्पष्ट की ते?" विचारून माझं डोकं बधिर होतं. या सीटवर बसलं की मी पुन्हा माणसात येते.

असल्या घरबसल्या शर्यती खेळणाऱ्यांचे संघ असतात. त्यातल्या एका तगड्या संघात एक जागा रिकामी होती. अट साधी होती. त्यांनी दिलेल्या ट्रॅकवर, रविवार संध्याकाळपर्यंत, त्यांनी ठरवलेल्या वेळेच्या आत एक फेरी मारायची. ती जागा मला हवी होती, अगदी हट्टाने हवी होती. आणि माझं घोडं जेमतेम अर्ध्या सेकंदापाशी अडलं होतं.

बाबा रोज स्वयंपाकघरातली खुर्ची आणून माझ्या शेजारी बसायचे. "आरशात बघ. अगं, इंडिकेटर कोण देणार?"

"बाबा, रेसच्या गाडीला इंडिकेटर नसतो."

"म्हणूनच आपटतात."

शनिवारी मी फेरीचा आलेख काढून बसले. कुठे किती वेग दिला, कुठे किती ब्रेक दाबला, सगळं त्यात रेघांनी दिसतं. ट्रॅकवर एक उतारावरचं वळण होतं. तिथे चांगले ड्रायव्हर ब्रेकला पायच लावत नाहीत. माझ्या आलेखात मात्र तिथे ब्रेकच्या लाल रेघेला नेमकं एक टेंगूळ आलं होतं. मी तर तिथे ब्रेक दाबतच नव्हते, निदान माझी तशी समजूत होती.

पुढच्या फेरीत कान उघडे ठेवले. वळण आलं, शेजारून बाबांची चप्पल फरशीवर थाप करून वाजली, आणि तिच्या पाठोपाठ माझा पाय ब्रेकवर गेला. एकाने जांभई दिली की दुसऱ्याला येते तसं.

माझं डोकंच फिरलं. "बाबा, तुम्ही बाहेर बसा बरं."

ते उठून स्वयंपाकघरात गेले. आईने लगेच त्यांच्यापुढे सोलायला लसूण ठेवला. माणूस रिकामा दिसला की तिला राहवत नाही.

एकटीने फेरी मारली, आलेख काढला, तर टेंगूळ जागच्या जागी. उलट जरा सुजलेलंच. गाडी मी बाबांकडूनच शिकले होते, तेव्हा चप्पल खोलीत वाजो की स्वयंपाकघरात, माझ्या पायाला ती ऐकू येत होती. मी रडकुंडीला येऊन बाहेर गेले. "तुमचा पाय माझ्या पायात शिरलाय."

"नाक माझं घेतलं, पाय बापाचा घेतला," आई म्हणाली. "जिथलं तिथे गेलं."

बाबांनी लसूण खाली ठेवला. "ते वळण ब्रेकशिवाय जातं?"

"जगातले लोक जातात."

"जगाचं सोड. मी बसून बघतो."

सीटवर बसून आधी त्यांनी नसलेला बेल्ट चाचपला. पहिली फेरी त्यांनी मुलाला शाळेत सोडायला निघाल्यासारखी मारली. दुसऱ्या फेरीत वळणावर ॲक्सिलरेटरवरचा पाय उचलला नाही, आणि गाडी सरळ भिंतीत गेली. पुढचा भाग चेपला, चाक उडालं. बाबांनी आपले हात पाहिले, गुडघे पाहिले.

"लागलं नाही," ते नवलाने म्हणाले.

पुन्हा भिंत. मग गवत. मग परत भिंत, आणि बाबा हसायला लागले. पोट धरून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. आई धावत आली. "काय झालं?"

"अगं, आपटलो मी," ते म्हणाले, पेढे वाटायला निघाल्यासारखे.

ज्या माणसाचा जन्म कुणी आपटू नये या धास्तीत गेला, तो मनसोक्त आपटत होता. मला इतका आनंद झाला की आपल्याला कसली जागा हवी होती तेही मी क्षणभर विसरले.

जेवायच्या आधी कधीतरी ते वळण त्यांना जमलं. गाडी कडेपर्यंत सरकली, स्टिअरिंग थरथरलं, आणि गाडी सुटून पुढे गेली. बाबा हळूच म्हणाले, "जाते गं. पाय उचलला नाही तरी जाते." हे मला शंभर जणांनी सांगितलं होतं. कुणाचंच पटलं नव्हतं. पण ज्या पायाने कधी कुणाच्या गाडीवर विश्वास ठेवला नाही, तोच आता सांगत होता.

रविवारी दुपारी मी सीटवर बसले. बाबांनी खुर्ची शेजारी ओढली. मी काही बोलणार, तेवढ्यात त्यांनी चपला काढल्या, दोन्ही पाय वर घेतले आणि खुर्चीवर मांडी घातली.

"माझा पाय मी बांधलाय. आता तुझं तू बघ."

खूप फेऱ्या वाया गेल्या. मी चुकायचे, ते मांडी मोडायचे नाहीत. दिवस कलायला लागला तेव्हा एक फेरी सुरुवातीपासून छान जुळून आली. वळण समोर आलं. सवयीने कान थापेची वाट पाहत होते.

"जाऊ दे," बाबा म्हणाले.

मी जाऊ दिलं. गाडी कडेला घासून सुटली, फेरीची शेवटची रेघ ओलांडली, आणि पडद्यावर वेळ उमटली. वेळेच्या आत. केसभरच, पण आत.

"मिळाली का जागा?" आईने दारातून विचारलं.

मी होकारार्थी मान हलवली. बाबा माझ्याकडे यायला उठले आणि परत खुर्चीत बसले. "मला धर आधी. पायांना मुंग्या आल्यात."

मी त्यांना धरून उभं केलं. मुंग्या केव्हाच गेल्या असतील, पण दोघांनीही सोडलं नाही.