सर्जेरावांनी पाहिलेला गुजरात

"काका, तुम्ही खाली उतरा," चष्मेवाल्या मॅडम म्हणाल्या.

बारामतीच्या स्टँडवर गाडी घरघरत उभी होती आणि पहिल्याच बाकावर, खिडकीशी, सर्जेराव बसले होते. डोक्याला असला फेटा, की मागच्या चार बाकांना ड्रायव्हर दिसत नव्हता. झेंडूचे हार हनुवटीपर्यंत आलेले. शेजारी बायको ठमाबाई, मांडीवर दशम्यांचं गाठोडं घेऊन.

"उतरू? का म्हनून?"

"ही सहल सरपंचांची आहे."

"मग मीच की सरपंच."

"कागदावर ठमाबाईंचं नाव आहे."

"नाव तिचं हाय. कारभार माजा हाय."

"मग नाव येईल गुजरातला," मॅडम म्हणाल्या, "कारभार राहू दे इथंच."

गाडीभर सरपंच बाया बसलेल्या, त्या फस्सकन हसल्या. त्याचं काही नाही. पण ठमाबाईही हसली. पदराआड का होईना, हसली. सर्जेराव उतरले ते हे मनात घेऊनच.

गाव आमचं कळसच्या अलीकडचं. सरपंचपद बाईसाठी राखीव झालं तेव्हा सर्जेरावांनी ठमाबाईला उभं केलं, निवडून आणलं आणि खुर्चीत स्वतः बसले. ठमाबाईनं चुलीपुढून उठून सही करायची आणि परत भाकरी थापायला बसायचं. गाव सर्जेरावांनाच 'सरपंच' म्हणायचं. पुढारी माणसानं चार मुलूख बघितले की त्याची नजर मोठी होते, म्हणून सरकारनं सरपंच बायांची सहल काढली, तेव्हा गावानं हलगी लावून, नारळ फोडून निरोप दिला तो सर्जेरावांना. यात काही चुकतंय असं कुणाला वाटलं नाही. सर्जेरावांना तर नाहीच.

आता एवढे हार घालून घेतल्यावर त्याच संध्याकाळी गावात परतायचं कसं? त्यांनी फेटा पिशवीत कोंबला आणि इंदापूरची एस.टी. धरली. तिथं बहीण, संजीवनी.

"दादा, गुजरात लवकर आलं रं," ती म्हणाली.

"गप. कुनाला बोलू नगंस."

आठवडाभर सर्जेराव तिच्याकडं लपून राहिले. जेवताना मधेच विचारायचे, "आत्ता कुठं असंल ती?"

"आसंल कुठंतरी. जेव."

"तिला फलाट म्हंजी काय ते ठावं न्हाय. मी दोनदा पुण्याला जाऊन आलोय."

घास फिरायचा, गिळायचा नाही. त्यांना न दिसलेली गावं तिला दिसत होती, हे त्यांना खरजेसारखं छळत होतं. शेवटी ते सोलापूर रस्त्यावरच्या ढाब्यावर जाऊन बसू लागले. गुजरातची नंबरप्लेट दिसली की ड्रायव्हरला चहा पाजायचे आणि विचारायचे, तुमच्याकडं काय काय असतं? एक ड्रायव्हर माझ्यासारखाच थापाड्या होता. त्यानं सांगितलं, आमच्याकडं उंटाला रोज घागरभर ताक पाजतात, म्हणून त्याला ऊन लागत नाही. सर्जेरावांनी ते मनात नीट घडी घालून ठेवलं.

सहल परतली त्या दिवशी ते फेटा बांधून बारामतीच्या स्टँडवर हजर. बाया उतरताना एकमेकींच्या गळ्यात पडत होत्या. एक जण ओरडली, "ठमाताई, त्या पायजम्याला इसरू नगा." सगळ्या खिदळल्या. ठमाबाई तर डोळे पुसेपर्यंत हसली. असं हसताना तिला सर्जेरावांनी उभ्या संसारात पाहिलं नव्हतं.

"कसला पायजमा?" त्यांनी विचारलं.

"काय न्हाय. तुमाला न्हाय कळायचं. तितं असाय पायजे हुतं."

गावच्या गाडीत ती गाठोड्यावर डोकं टेकून झोपली. सर्जेराव तो पायजमा उलटा-पालटा करत टक्क जागे.

दुसऱ्या दिवशी मारुतीच्या देवळापुढं ग्रामसभा भरली. सर्जेराव खुर्चीत. ठमाबाई बायांच्यात, खाली. सर्जेरावांनी गुजरात असा उभा केला, की ऐकणाऱ्यांच्या पायाला वाळू लागावी. उंट ताक प्यायला. एवढंच नव्हे, पिऊन झाल्यावर त्यानं घागरही विसळून ठेवली. ही भर त्यांची स्वतःची.

मग खालच्या वस्तीवरचा बुद्धघोष उठला. इंदापूरच्या कचेरीत कारकून, बोलणं मोजकं. "आबा, उंटाचं झालं. मान्सांच्या पान्याचं काय? टाकीजवळच्या आळ्या भरंस्तवर आमच्या नळाला नुसती हवा येती. तितं पानी कसं सोडत्यात?"

ढाब्यावर कुठल्याच ड्रायव्हरनं हे सांगितलेलं नव्हतं. "तितं... तितं काय, पाऊसच लई," सर्जेराव म्हणाले.

"मी सांगती," ठमाबाई उभी राहिली. भरल्या सभेत ती पहिल्यांदाच उभी होती.

सर्जेराव खुर्चीच्या कडेवर सरकले. आता ही बोलणार. स्टँडवर उतरवलं, हार गळ्यात, सगळं बोलणार.

"ह्यांनी बघितलं ते ह्यांनी सांगितलं," ती म्हणाली. "मी बघितलं ते येगळं. आमी एका गावात मुक्काम केला. तितं सरपंच बाई सकाळी पयली टोकाच्या घराला जाती. तितली घागर भरली, की मग अलीकडचा वॉल उघडायचा. टाकीजवळची मान्सं शेवटाला. आधी भांडनं झाली, मग सवय झाली." तिनं पाणी सोडणाऱ्या सिद्धूकडं पाहिलं. "सिद्धू, उद्यापसनं आपुनबी तसंच करायचं. आधी खालच्या वस्तीचा वॉल."

सिद्धूनं सवयीनं सर्जेरावांकडं पाहिलं. सगळ्या सभेनं पाहिलं. सर्जेरावांची आळी टाकीला खेटून. नुसती नकाराची मान हलवली असती, तरी वॉल जागच्या जागी राहिला असता.

त्यांनी बायकोकडं नजर टाकली. ती त्यांच्याकडं बघतच नव्हती. बोलायच्या आधी नाही, नंतरही नाही. भीती नव्हती, धाक नव्हता, साधी आठवणही नव्हती. ती सिद्धूच्या उत्तराची वाट बघत होती.

सर्जेरावांनी मान हलवली नाही.

"बरं, सरपंचबाई," सिद्धू म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सर्जेराव ओट्यावर बसले होते. त्यांच्या नळाला अजून पाणी यायचं होतं. शेजारच्या आळीतले हिंदुराव दाखल्यासाठी आले.

"सरपंच हायत का?"

इतकी वर्षं या प्रश्नाला 'बोला की' हेच उत्तर होतं. सर्जेरावांनी धोतराचा सोगा सारखा केला.

"हायत," ते म्हणाले. "बसा. धार काढत्यात. पाठवतो."

ते गोठ्यात गेले, ठमाबाईच्या हातातली चरवी घेतली आणि म्हणाले, "जा, मान्सं आल्यात." ती हात पुसत बाहेर गेली. सर्जेराव म्हशीखाली उकिडवे बसले. म्हशीनं मान वळवून परका हात ओळखला आणि पान्हा चोरला. बाहेर ठमाबाई काहीतरी विचारत होती, हिंदुराव 'व्हय बाई, व्हय बाई' म्हणत होते. रिकामी चरवी गुडघ्यांत धरून सर्जेराव म्हशीला हलक्या हातानं थोपटत राहिले.