फवारणीविना ठेवलेला तुकडा

संगमनेरजवळच्या छबूबाईंच्या सीताफळाच्या बागेत कृषी महाविद्यालयात शिकणारा हर्षल आपल्या प्रबंधासाठी एका कीडनाशक औषधाची चाचणी घेत होता. तुलनेसाठी बागेचा एक तुकडा फवारणीविना ठेवायचा होता. त्यात चार झाडं पुरतील, हे त्याच्या हिशेबात आधीच निघालं होतं. पण प्रबंधावर कुणी बोट ठेवू नये म्हणून त्यानं आठ मागितली. छबूबाईंनी काही न विचारता दिली.

आता आठही झाडांवर पिठ्या ढेकूण ही कीड चढली होती. फळांवर पांढरा थर बसला होता. चाचणीमुळे त्या झाडांना हात लावायची मनाई, म्हणून छबूबाई नुसत्या बघत उभ्या होत्या.

"मावशी," हर्षल म्हणाला, "यातली चार झाडं मी उगाच अडकवली. चारांत भागलं असतं."

"मंग आधी का न्हाई बोलला? सगळी लागत्यात म्हणून मी गप बसले."

पंप पाठीला लावून त्यानं ती जादाची चार झाडं स्वतः फवारली. कीड आटोक्यात आली, पण विकण्याजोगी फळं थोडीच उरली. तोडणीच्या दिवशी छबूबाईंनी त्यातलीच निवडून काही त्याच्या पिशवीत घातली. नको म्हणायलाही त्याला तोंड उरलं नव्हतं.