आठ खुणा

थोरल्या लेकीची ही सवय तिच्या लहानपणापासून मावशीच्या डोक्यात जायची. काम करायच्या आधीच ते झालं म्हणून मोकळी व्हायची. भांडी मोरीत तशीच, आणि ही दारातून ओरडायची, "घासली गं आई!" तेव्हा पाठीत धपाटा घालता यायचा. आता थोरली हॉस्पिटलच्या या वॉर्डची इन्चार्ज सिस्टर होती. टोपी कडक, चेहरा त्याहून कडक.

मावशीने याच वॉर्डात एकतीस वर्षं आयाचं काम केलं. पडून असलेल्या पेशंटला दर दोन तासांनी कुशीवर वळवायचं. तोंड खिडकीकडे केलं की पाण्याचा तांब्याही खिडकीकडे ठेवायचा. दाराकडे वळवलं की तांब्या दाराकडे. तांब्या एकीकडे आणि तोंड दुसरीकडे दिसलं, की येणाराजाणारा ओरडायचा, "मावशी, हा राहिला!" तिच्या हाताखाली कुणाची पाठ सडली नाही. एकदा साहेबलोक आले, तिला विचारून विचारून सगळं लिहून घेतलं आणि त्याचा तक्ता केला. दर खाटेला एक, आठ चौकोनांचा; सकाळी सहापासून दर दोन तासांना एक चौकोन, वळवलं की त्यात खूण. मावशी चार दिवस मान ताठ करून फिरली होती.

आता त्याच वॉर्डात तिचा म्हातारा पडला होता. अर्धं अंग गेलेलं, वाचा गेलेली. तांबे मात्र सगळे डाव्या हाताला, एका रांगेत. तसा नियम झाला होता. भिंतीवर पाटी होती, नातेवाइकांनी पेशंटला हात लावू नये. मावशीने तीन दिवस हात लावला नाही. पोटची पोरगी इन्चार्ज असताना कशाला लावायचा?

आज ती साडेनवाला येऊन बसली. दहा वाजले, कुणी फिरकलं नाही. अकरा वाजले. म्हातारा उताणाच. तिने खाटेच्या पायथ्याचा तक्ता उचलला. अक्षरं लागत नव्हती, पण आकडे आणि खुणा कळत होत्या. सहा, आठ, दहा, बारा, दोन, चार, सहा, आठ. आठही चौकोनांत खूण. रात्रीच्या आठचीसुद्धा!

तिने पाटीकडे पाहिलं, पदर खोचला आणि म्हाताऱ्याला कुशीवर घेतलं. आधी वास आला. चादर कातडीला चिकटून वर आली. माकडहाडावर बाटलीच्या झाकणाएवढी जखम, कडा काळ्या. म्हातारा नुसता डोळ्यांनी रडत होता.

"आई! हात लावायचा नाही, सांगितलं होतं ना!" थोरली धावत आली. जखम दिसली तशी थबकली.

"हे काय आहे?" मावशीने तक्ता तिच्या नाकासमोर धरला.

"बारा वाजता तपासणीची टीम येते आहे. सगळ्या वॉर्डांतून आपला पहिला येणार आहे. कागद अर्धवट दिसला तर..."

"रात्रीचे आठ वाजले का गं?"

"आई, हळू. चोवीस खाटा आणि आम्ही दोघी. कुठे कुठे पुरी पडू?"

"मग तेच लिहायचं! दोघीच होतो, जमलं नाही, असं लिहायचं. आज येतायत ना बघणारे? लिहिलं नाही तर त्यांना कसं कळणार?"

"असं कुणी लिहीत नाही."

"म्हणून माझ्या तक्त्यावर थुंकलीस होय? बापाच्या पाठीवर?"

थोरलीने तक्त्यासाठी हात पुढे केला. मावशीने तो दिला नाही, म्हाताऱ्याच्या उशाशी ठेवला. मग डावीकडचा तांब्या उचलून खिडकीकडे नेला. म्हाताऱ्याचं तोंड तिकडे होतं.

"आळशी असतीस तर पोटात घातलं असतं," ती सगळ्या वॉर्डाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली. "तू खोटारडी आहेस. टीम येईपर्यंत हा कागद इथून हलणार नाही. जा, हात धुऊन ये आणि पलीकडून धर. जखम धुवायची आहे."