भिंतीवरचा लाल बाण

मी एक जुना तक्ता आहे. सोळा कागद सेलोटेपने जोडून मला बनवलं. आता सेलोटेप पिवळी पडली आहे आणि कोपऱ्यात चहाचा डाग आहे. हसा खुशाल, मित्रांनो!

मला जन्म दिला कुमुदिनीताईंनी. पुण्याहून फरीदाबादला नोकरीसाठी आलेल्या. त्यांचं ऑफिस जवळच्या कारखान्यातल्या प्रेससाठी, म्हणजे पत्रा दाबणाऱ्या अवजड यंत्रांसाठी, प्रोग्रॅम लिहायचं. प्रोग्रॅममध्ये शेकडो छोटी कामं असतात, त्यांना मेथड म्हणतात. एक मेथड दुसरीला बोलावते, दुसरी तिसरीला. कोण कुणाला बोलावतं ते कॉम्प्युटरने चौकटी आणि बाण काढून दाखवलं, ताईंनी छापलं, आणि झालो मी.

‘कुलूप’ नावाच्या चौकटीकडे मात्र एकही बाण येत नव्हता. ताई कारखान्यात गेल्या आणि प्रेस चालवणाऱ्या विष्णूकाकांनाच घेऊन आल्या.

"ताई, लाइट जाऊन जनरेटर सुरू झाला ना, की प्रेस आपोआप एकदा खाली येते," काका म्हणाले. "ती येऊ नये म्हणून जनरेटरचा डबा हे कुलूप लावायला सांगतो."

डबा, म्हणजे जनरेटरवरची स्विचांची पेटी, प्रोग्रॅमच्या बाहेरचा. कॉम्प्युटरला तो दिसणार कसा? ताईंनी लाल पेन काकांच्या हातात दिलं.

"अहो, माझं अक्षर फार वाईट आहे."

"बाण काढायचाय काका, निबंध नाही!"

काकांनी जीभ दाताखाली धरून बाण काढला. जरा वाकडाच आला. मला फार आवडला.

पुढे ताई नोकरी सोडून गेल्या. दिवाळीच्या रंगकामाला मला उतरवलं, गुंडाळलं आणि कपाटामागे उभं केलं. परत लावायचं कुणाला सुचलं नाही. ताईंच्या जागी शार्दूल आला. हुशार मुलगा, पण घाई फार. त्याच्या स्क्रीनवर नवं, रंगीत चित्र होतं.

"यार मयुरा, ह्या कुलूपला कुणी बोलावतच नाही. उडवतो."

"भिंतीवर एक जुना तक्ता असायचा. बघूया का एकदा?" शेजारी बसणारी मयुरा म्हणाली.

"छे! हे चित्र आजचं आहे."

मी कपाटामागे होतो, चार पावलांवर. मला ओरडता येत असतं तर! त्याने कुलूप उडवलं आणि ऑफिसात सगळं चालवून पाहिलं. बिल्कुल ठीक. ठीक असणारच, आमच्याकडे इन्व्हर्टर आहे, लाइट जातेच कुठे?

नवा प्रोग्रॅम कारखान्यात बसवला. तिथे मंगळवारी दुपारी लाइट गेली. जनरेटर सुरू झाला. विष्णूकाकांचा उजवा हात पत्र्यावर होता. चार बोटं गेली.

त्या संध्याकाळी शार्दूलने मला कपाटामागून काढून उलगडलं. लाल बाण पाहून तो खालीच बसला आणि रडला. मला त्याची दयाही आली, आणि रागही आला. कुलूप परत बसवलं, मला परत टांगलं. काय उपयोग?

मित्रांनो, एखादी गोष्ट कुणाच्याच कामाची नाही असं वाटलं, तरी पुसण्याआधी जाऊन विचारा. कारखाना दहा मिनिटांवर होता हो!

दोन महिन्यांनी काका आले. माझ्या शेजारी नवा छापलेला तक्ता होता. त्यातही कुलपाकडे बाण नव्हता. शार्दूलने मान खाली घालून लाल पेन पुढे केलं. काकांनी सवयीने उजवा हात उचलला, आणि परत खिशात घातला.

"तूच काढ बाळा."

शार्दूलने बाण काढला. अगदी सरळ आला.