फोटो स्टुडिओतलं लाल भूत

फोटो पहिला : गर्दी

स्टुडिओत पाय ठेवायला जागा नाही. न्हावी, चष्मेवाला, नवरीची आई. स्टुलावर मी, पासपोर्टच्या फोटोसाठी केस विंचरून बसलेला आणि साफ विसरला गेलेला. सगळे कॉम्प्युटरकडे बघताहेत. पडदा लालभडक, वर धोक्याची सूचना.

"कालपासून हेच!" फोटोग्राफर रडकुंडीला आला होता. "अल्बमच्या फुकट फ्रेमांचा मेसेज आला. उघडायला गेलो की हे लाल भूत!"

"आणि माझ्या लेकीच्या लग्नाचे फोटो?" नवरीच्या आईने विचारलं.

"ह्यातच आहेत, मावशी. कॅमेऱ्यातले पुसले. दुसरी प्रत नाही."

मावशींनी त्या लाल पडद्यालाच हात जोडले.

फोटो दुसरा : संगणकमहाराज

रस्त्यावरून थेट आत आलेला एक बुवा. गळ्यात माळेच्या जागी केबल. आवाज खर्जातला.

"यंत्राला बाधा झालीये. भंगारात मेलेल्या कॉम्प्युटरचा आत्मा शिरलाय. वाय-फाय असेल तर जास्तच चिकटतो."

"आमच्याकडे आहे हो वाय-फाय!"

"वाटलंच! भिंतीकडे तोंडं करा. डोळे मिटा. जो बघेल त्याच्या मोबाइलमध्ये शिरेल."

न्हाव्याने मोबाइल छातीशी धरला.

फोटो तिसरा

(काळा आला आहे. डोळे मिटलेले होते. फक्त आवाज.)

"डिस्क शांत हो, पंखा शांत हो, वायरीतल्या वाटसरू, वाट धर!" टिक. टिक. "चालता हो!"

वळून बघतो तर काय, लाल पान गायब! फ्रेमांचं पान उघडलेलं. टाळ्यांचा कडकडाट.

"आता हे बटण दाब, बेटा. फ्रेमा उतरवून घे."

फोटोग्राफरने बोट पुढे केलं.

"बाळ्या, हात मागे!"

फोटो चौथा : आरसा

ओरडली ती फोटोग्राफरची आत्या. शाळेत विज्ञान शिकवते. तिच्या वाट्याला आली होती ती नेमकी गिऱ्हाइकांच्या आरशाची भिंत, आणि डोळे काही तिने मिटले नव्हते.

"महाराज, भूत काढताना सेटिंगमध्ये काय करत होतात?"

"आत्मा... तिथेच लपतो, ताई."

"मग बोलावू या परत."

तिने सेटिंग उघडून सुरक्षेचं बटण पुन्हा चालू केलं. फ्रेमांचं पान : लाल. शाळेची साइट : बिनबोभाट उघडली. वर्तमानपत्राची : उघडली. पुन्हा फ्रेमा : लाल.

"भूत भलतंच चोखंदळ दिसतंय," न्हावी म्हणाला. "फक्त फ्रेमांवरच बसतं!"

"भूत कसलं, पहारेकरी आहे तो. ब्राउझरमध्येच असतो. फसवं पान किंवा घातक फाइल ओळखली की आडवा येतो. ह्यांनी पहारेकऱ्याला बांधलं आणि चोराला दार उघडलं. ते बटण दाबलं असतंस तर फ्रेमा राहिल्या बाजूला, सगळे फोटो कुलूपबंद झाले असते आणि किल्लीसाठी पैसे मागितले असते. बरं, ह्यांना बोलावलं कोणी?"

"कोणीच नाही. म्हणाले, रस्त्यातूनच बाधेचा वास आला."

"मेसेज ज्याने धाडला, त्यालाच वास येणार!"

फोटो पाचवा

हललेला. महाराज पळताहेत. केबल दाराच्या कडीत अडकली आहे. चष्मेवाला त्यांना धरून विचारतोय, "अहो, माझं दुकान नाही का हुंगायचं?"

फोटो सहावा : मी, एकदाचा

आधी आत्याने लग्नाचे फोटो दुसऱ्या डिस्कवर उतरवायला लावले. पडद्यावर लेक हसताना दिसली आणि मावशींच्या जिवात जीव आला. मग फोटोग्राफरला माझी आठवण झाली.

"हलू नका. डोळे मिटू नका."

"जन्मभर लोकांना हेच सांगतोस," आत्या म्हणाली, "आणि स्वतः काय केलंस रे?"

मी फस्सकन हसलो, तेवढ्यात क्लिक. हा फोटो पासपोर्टला चालायचा नाही. पण डोळे टक्क उघडे आहेत.

तुमचेही असू द्या. पडदा लाल झाला तर घाबरू नका. थांबा, वाचा. पहारेकरीही कधी चुकतो, म्हणून आपली अक्कलही चालूच ठेवा. आणि कोणी डोळे मिटायला सांगितलं, तर आधी त्याच्या हातांकडे बघा.