झराईचा इतिहास

"तुझ्या देवीचं पानी आताशा मातकट येतंय गो. चहाला चव नाय," थोरल्या जाऊबाई, रखमाबाई, माझ्या कानाशी कुरकुरल्या.

"आधी वाचून होऊ दे," मी म्हटलं. पोलादपूरच्या वरच्या अंगाला आमच्या तलावावर बोटिंगचं उद्घाटन होतं आणि तलावाचा इतिहास मी लिहिला होता. शाळा सातवीपर्यंत, पुढचं शिक्षण भज्यांच्या पुडीच्या कागदांवर. पण गावात दुसरं कुणी लिहिणारं नाही, म्हणून मी इतिहासकार.

इतिहास असा, की रोजगार हमीवर हा मातीचा बांध घातला. भाताला पाणी मिळणार होतं, कालवा काही आला नाही. पहिल्याच पावसाळ्यात बांधाच्या खालच्या अंगाला पायथ्याशी पाणी पाझरलं. दुरुस्तीला कोण येतंय? कुणीतरी तिथल्या दगडाला कुंकू लावलं, पाझराची झराई देवी झाली. मी तिला 'स्वयंभू' केलं. शब्दावर इतकी भाळले, की त्या दिवशी आमटीत मीठ दोनदा पडलं.

पाणी गढूळ झालं म्हणजे बांधाच्या पोटातली माती वाहतेय, हे टोपल्या वाहिलेल्या प्रत्येक बाईला ठाऊक. तरी सगळ्यांनी मिळून नारळ वाढवले. मी तर 'देवी रंग पालटते' असं वाक्यही घातलं. जाऊबाईंचं घर देवीच्या बरोब्बर खाली. त्यांचा सुनील महाडच्या एमआयडीसीतली नोकरी सोडून पायडलच्या चार बोटी घेऊन बसलेला. बोलायचं कुणी?

मी माइकवर 'स्वयंभू'पर्यंत पोचले. सुनीलने बोटींवर शिंपडायला झराईच्या पाण्याचा तांब्या उचलला, हात आत घातला आणि थांबला. बोटांना लाल गाळ लागला होता.

"शिंपड रे, मुहूर्त चाललाय," सरपंच म्हणाले.

"काकी, पुढे वाच की," मागून कुणीतरी ओरडलं. मी कागद डोळ्यांजवळ धरला. स्वयंभूच्या पुढे मला एक अक्षर दिसेना. चष्मा डोळ्यांवरच होता.

सुनील बोटींकडे बघत राहिला. मग खाली, आईच्या कौलांकडे. तांब्या तिथेच ठेवून त्याने माझ्या हातातला माइक काढून घेतला.

"आये, घरातलं सामान काढ. देवी-बिवी काय नाय हाय. बांध फुटायला आलाय."